घर लादलं की थांबणारा ट्रक

उलान खिंडीच्या अलीकडच्या खोऱ्यात चोयजिलला कुणी नुसतं चोयजिल म्हणत नाही, खोंगोरवाला चोयजिल म्हणतात. खोंगोर हा त्याचा ट्रक. जुना, रशियन, पेट्रोलवर चालणारा, वाळूच्या रंगाचा. त्या रंगाच्या घोड्याला आपल्याकडे जे नाव, तेच ट्रकला पडलं, आणि पुढं पुढं मालकापेक्षा ट्रकच जास्त ओळखीचा झाला.

चोयजिल लहानपणी मेंढ्या राखायला निरुपयोगी होता. नदीवरचा बर्फ कुठून तडकायला लागतो हे बघायला तो काठावर पालथा पडून राहायचा, आणि तोवर मेंढ्या डोंगराआड गेलेल्या असायच्या. बापानं त्याला पुष्कळ बदडलं. पण बर्फ आधी काठाशी तडकतो, मधे नाही, हे खोऱ्यात पहिल्यांदा कुणी नीट सांगितलं असेल तर त्यानंच.

मोठा झाल्यावर सरकारी पशुपालन संस्थेत तो ट्रकवर लागला. पुढं ती संस्था मोडली. त्या वसंतात माणसं आपापल्या वाटणीच्या मेंढ्या, याक, घोडे हाकत घरी गेली. चोयजिलनं आपली वाटणी सोडली आणि त्या बदल्यात खोंगोर मागून घेतला. सासऱ्यानं कपाळावर हात मारला.

"अरे, मेंढी गवत खाते. हे लोखंड काय खाणार?"

नवी नवरी सेवजीद चुलीपाशी होती. ती वर न बघता म्हणाली, "खाईल ते खाईल. पण मला दर हिवाळ्याला उंटाच्या पाठीवर हाडं मोडून घ्यायची नाहीत."

तेव्हापासून खोऱ्यातलं एकही बिऱ्हाड असं नाही जे खोंगोरच्या पाठीवर बसलं नाही. वसंताच्या जागेवरून उन्हाळ्याच्या कुरणात, तिथून शरदाच्या नदीकाठी, तिथून खिंडीपलीकडे हिवाळ्याच्या आडोशाला. गेरच्या, म्हणजे गोल तंबूच्या, जाळीदार भिंती, नमद्याच्या वळकट्या, चूल, रंगीत पेट्या, कोकरं, आणि सगळ्यात वर छताचं गोल लाकडी कडं. ट्रक दिसला की लोक लांबूनच सांगायचे, हे अमक्याचं घर चाललं.

आणि नेमकं घर लादलं की खोंगोर थांबायला लागला.

हे झालं अलीकडच्या हिवाळ्यांत. ट्रक निघायचा खुशीत. सपाटीवर पळायचा. मग खिंडीच्या पायथ्याशी चढ लागला की इंजिन खोकायचं, धडपडायचं आणि गप्प व्हायचं. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचायचंच नाही. चोयजिल खाली उतरायचा, सवयीनं टाकीचं झाकण उघडून वेताची काठी आत बुडवायचा, पेट्रोल आहे का बघायचा. पेट्रोल असायचं. मग तो बॉनेट उघडायचा, पंप चाचपायचा, गाळणीची काचवाटी काढून पुसायचा, परत लावायचा. ट्रक चालू व्हायचा. वाटायचं, गाळणीच तुंबली होती. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

त्यानं पंपातला रबरी पडदा बदलला. नळी फुंकून साफ केली. कार्ब्युरेटर उघडून सतरंजीवर मांडला, बायकोनं चहा ओतताना त्यावर पाय देऊ नये म्हणून ओरडला. लोकांनी आपापली अक्कल दिली. कुणी म्हणालं पेट्रोलात पाणी आहे, थंडीत गोठतं, टाकीत बाटलीभर दारू ओत. ती अर्धी टाकीत गेली, अर्धी सल्ला देणाऱ्याच्या पोटात. कुणी म्हणालं, खिंडीवरच्या देवाच्या दगडांच्या राशीला तू घाईत फेरी घालतोस.

चोयजिल रागावायचा नाही. त्याला नवलच वाटायचं. कारण या दुखण्याच्या खोड्या विचित्र होत्या. कोळसा भरला, घरापेक्षा कितीतरी जड, तरी ट्रक खिंड एका दमात चढायचा. लाकडं भरली तरी चढायचा. घर भरलं की बसायचा. उन्हाळ्यात मात्र घरही नीट न्यायचा. आणि टाकी काठोकाठ भरून निघावं तर लवकर थांबायचा, अर्धी असली तर उशिरा. पोट भरलेला आधी दमतो आणि अर्धपोटी लांब पळतो, असा घोडा चोयजिलनं पाहिला नव्हता.

"त्याला घरं आवडत नसतील," सेवजीद म्हणायची. "संस्थेचा माल वाहून वाहून एकटा राहायची सवय लागली असेल. तुमच्यासारखीच."

सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, पण पुरेवला हसू येत नव्हतं. पुरेव हा शेजारचा म्हातारा पशुपालक, जिभेला धार असलेला. गेल्या हिवाळ्यात त्याचं बिऱ्हाड खिंडीच्या पायथ्याशी अडकलं होतं. यंदा निघायच्या आदल्या दिवशी तो घोड्यावरून आला, खाली न उतरताच बोलला.

"चूल ट्रकवर, गेर ट्रकवर, नातू खोकतोय, आणि माझी बायको रस्त्यावर बसून रडतेय. पुन्हा बघायचं नाही मला ते. या वेळी थांबला, तर पुढं माझं घर तालुक्यातल्या त्या मागसरच्या कोरियन ट्रकमधून जाईल. बाकीच्यांचंही."

चोयजिलला हे मनाला लागलं. तो अभिमानी माणूस होता. तालुक्याच्या गावात सरहद्दीकडचे भंगारवाले आले होते, जुने ट्रक कापून नेत होते.

"यंदा थांबला तर मागसर कशाला," तो म्हणाला, "भंगारवाल्यालाच देऊन टाकतो. तुझ्यादेखत. हा शब्द."

सेवजीदच्या हातातली बादली खाली आपटली. पुरेवनं मान हलवली आणि घोडा वळवला.

चोयजिल त्याच दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात गेला. नर्स सोलोंगो त्याच्या नात्यातली.

"कुणाचं बीपी बघायचंय, काका?"

"खोंगोरचं."

"कमी आहे की जास्त?"

"कमी. चढावर चक्कर येऊन पडतो."

"मग चहात मीठ जास्त घाला म्हणावं."

पण तो मस्करी करत नव्हता. टायरची हवा बघायचा काटा इतक्या थोड्या दाबाला हलत नाही. माणसाचं रक्त बघायचा काटा मात्र हलेल, असा त्याचा हिशेब होता. सोलोंगोनं कपाटाच्या तळातून एक जुनं यंत्र काढलं. दंडाला बांधायची पट्टी फाटलेली, काटा ठणठणीत.

"परत आणू नका," ती म्हणाली. "पेट्रोलच्या वासानंच पेशंटचं बीपी चढेल."

चोयजिलनं पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधे एक फाटा बसवला, त्यातून लांब नळी बॉनेटखालून काढून खिडकीतून आत घेतली आणि टोकाला तो काटा जोडला. इंजिन चालू केलं. रिकामा, निरोगी ट्रक. काटा वर चढून एका जागी उभा राहिला. तिथं त्यानं सोलोंगोकडून आणलेल्या नखाच्या लाल रंगानं रेघ ओढली. आजारी कधी पडतो हे कळायला आधी बरा असताना कसा असतो ते माहीत पाहिजे, असं तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी पुरेवचं घर लादलं. गवत पिवळं पडलं होतं, नदीच्या कडेला बर्फाची पातळ पापडी धरली होती. पुरेवची मुलं आणि बायको जनावरं घेऊन आधीच खिंडीकडे निघाली होती. सेवजीदनं घर चालताना करायचं ते सगळं केलं. लाकडी पळीनं दूध चाकांवर शिंपडलं, आकाशाकडे उडवलं, पिवळ्या तुपात बोट बुडवून ट्रकला ठिकठिकाणी लावलं, काय काय पुटपुटली. चोयजिल तेव्हा नळी कुठं घासत नाही ना बघत बॉनेटमधे डोकं घालून उभा होता.

मग केबिनमधे तिघं बसले. चोयजिल स्टिअरिंगवर, सेवजीद मधे, मांडीवर काटा घेऊन, दाराशी पुरेव.

"माझ्या घराचं नशीब आता तुझ्या मांडीवर," पुरेव म्हणाला.

"हलू नका, पुरेवभाऊ. तुमच्या कोपरानं मला काटा दिसत नाही."

खोंगोर निघाला. मागं भांडी वाजत होती, कोकरं ओरडत होती. सेवजीद दर थोड्या वेळानं सांगायची, मेंढ्या मोजाव्यात तशा एकसुरी आवाजात. "रेघेवर. रेघेवर. रेघेवर." सपाटी संपत आली. पुढं खिंडीचा तांबडा डोंगर दिसायला लागला.

"रेघेवर. रेघे..." ती थांबली. "खाली आला."

"थरथरतोय का?"

"नाही."

"एकदम पडला?"

"नाही हो. सावलीसारखा सरकतोय. बघत राहिलं तर हलत नाही. डोळा हटवून परत बघितलं तर खाली."

चोयजिल मनात हिशेब मांडत गेला. पंपाचा पडदा फाटला असता तर काटा नाचला असता. नळीत कचरा अडकला असता तर आदळत खाली आला असता. हे हळूहळू आटणं वेगळं होतं. कुणीतरी मागून धरून ठेवलंय, आणि पकड घट्ट होत चालली आहे, असं.

इंजिननं पहिला खोकला काढला. चोयजिलनं ट्रक बाजूला घेतला आणि स्वतःच चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"थांबला," पुरेव म्हणाला.

"थांबवला."

"फरक काय?"

"तू घोडा बांधलास, आणि घोडा मेला. यात काही फरक आहे की नाही?"

"बघू. घोडा उठतो का ते कळेलच आता."

चोयजिल खाली उतरला. त्याचा हात सवयीनं टाकीच्या झाकणाकडे गेला, काठी बुडवायला. आणि हात तिथंच राहिला. इतके हिवाळे तो हेच करत आला होता. ट्रक थांबला की आधी झाकण, मग बाकीचं. मग ट्रक बरा व्हायचा, आणि श्रेय जायचं गाळणीला नाहीतर पंपाला. आज झाकणाला हात लावायचा नाही, असं त्यानं ठरवलं. आज दुसऱ्या टोकानं बघायचं.

त्यानं बॉनेट उघडलं. पंपाला हातानं मारायची छोटी दांडी असते, ती खालीवर केली. दांडी हलकी लागत होती, पेट्रोल उचलतच नव्हती. मग त्यानं टाकीकडून पंपाला येणारी नळी सैल केली. त्याला वाटलं होतं, पेट्रोल टपकेल नाहीतर काहीच होणार नाही. झालं तिसरंच. नळीनं फुस्स करून हवा आत ओढली. बराच वेळ ओढत राहिली, तहानलेल्या जनावरानं पाणी प्यावं तशी.

चोयजिल तसाच वाकून ऐकत राहिला.

"काय झालं?" पुरेवनं विचारलं.

"टाकी हवा पितेय."

"हवा? तिच्यात पेट्रोल आहे ना?"

"आहे. म्हणून तर नवल. पेट्रोल बाहेर जातंय आणि त्याच्या जागी आत काही येत नाहीये. कातडी बुधल्याचं तोंड घट्ट धरून त्यातून ताक चोखून बघ. थोडं येईल, मग बुधला आत खेचून धरतो. पंप बिचारा ओढतोय, टाकी सोडत नाही."

"मग हवा यायची कुठून असते?"

या प्रश्नावर चोयजिल टाकीकडे वळला. या झाकणाच्या मधोमध बारीक भोक होतं, हवेसाठी. झाकणावर रस्त्याच्या धुळीची करडी खपली होती, बाकी टाकीवर होती त्यापेक्षा जाड. त्यानं नखानं खरवडलं. खाली पिवळं निघालं. वास घेतला. याकच्या दुधाचं तूप, थंडीत दगडासारखं झालेलं, भोकात बुचासारखं बसलेलं.

पुरेवनं मान पुढं केली. "तूप? ट्रकला तूप कोण..." आणि बोलता बोलता गप्प झाला. कोण लावतं हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. तो दोन पावलं लांब गेला आणि डोंगराकडे बघत तपकिरीची बाटली चाचपायला लागला, जणू तिथं त्याचं फार काम होतं.

सेवजीद केबिनमधून उतरून मागं येऊन उभी होती. तिनं पिवळं बोट पाहिलं.

एकदा हिमवादळात चोयजिलचं पेट्रोल संपलं होतं आणि तो चालत घरी आला होता, पायाची बोटं काळी करून. तेव्हापासून घर घेऊन निघताना ती टाकीच्या तोंडालाही तूप लावायची. घर चालणं हे मंगल काम. ट्रकचं हे तोंड कधी रिकामं पडू नये. कोळशाला कोण तूप लावतं?

चोयजिलच्या मनात एकेक कोडं, ओळखीच्या माणसाजवळ कुत्री येऊन बसावीत तसं, येऊन बसत गेलं. कोळशाला तूप नाही, आणि जुनं तूप टाकी भरताना सांडणाऱ्या पेट्रोलनं धुऊन जातं, म्हणून ट्रक चालतो. उन्हाळ्यात तूप पातळ होतं, हवा वाट काढते. भरल्या टाकीत मोकळी जागा थोडी, म्हणून ओढ लवकर बसते. आणि झाकण उघडलं की हवा आत जाते, म्हणून तपासायला गेलं की दुखणं पळतं. इतकं सरळ होतं सगळं. त्याला आनंदानं हसायला यायला लागलं होतं, पण त्यानं बायकोचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "माझ्याच हातानं मी त्याला..."

"तूप तू कितीतरी वर्षं लावतेस. थांबायला कधी लागला? जुनं झाकण नदीत पडलं, त्यानंतर. त्या झाकणाचं भोक कडेला होतं. ट्रॅक्टरचं हे झाकण मी आणून बसवलं, भोक मधोमध, बरोबर तू बोट लावतेस तिथं. मला ते दिसायला नको होतं?"

"दिसायला हवं होतं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा सुधारला. "ट्रकचं पोट रोज उघडून बसता, तोंडाकडे बघायचं सुचलं नाही."

तिनं डोक्याच्या रुमालातली सुई काढली. नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या नाकातला चिकटा काढतात, तसं तिनं भोक मोकळं केलं, झाकणाला तोंड लावून फुंकर घातली, हवा आरपार जाते का बघितलं, आणि अंगरख्याच्या टोकानं सगळं लख्ख पुसलं. चोयजिलनं तिला करू दिलं. मग नळी आवळली, दांडी मारली. आता दांडी जड लागली. काचवाटीत पेट्रोल चढताना दिसलं.

"चला," तो म्हणाला. "खरी परीक्षा वर आहे."

पुरेव चढून बसला. झाकण उघडलं की पूर्वीही ट्रक थोडा वेळ बरा व्हायचा, हे तिघांनाही माहीत होतं. म्हणून चढाला लागल्यावर कुणी बोललं नाही. एकटी सेवजीद सांगत होती. "रेघेवर." पहिलं वळण. "रेघेवर." दुसऱ्या गियरवर इंजिन हंबरत होतं, मागं पेट्या करकरत होत्या. गेल्या वर्षी पुरेवची बायको जिथं बसली होती ती दगडांची जागा आली आणि गेली. पुरेवनं मान वळवून ती जागा पाहिली. "रेघेवर," सेवजीद म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज थोडा चढला. खडकांची अरुंद वाट, वाऱ्यानं साचलेला पहिला भुरभुर बर्फ, आणि मग एकदम आभाळ. निळे रुमाल बांधलेली दगडांची रास समोर आली. चोयजिलनं हॉर्न वाजवला आणि राशीला डावीकडून सावकाश फेरी घातली.

हिवाळ्याच्या जागेवर उतरणं, भिंती उभ्या करणं, चूल पेटवणं, सगळं उजेड असेपर्यंत झालं. पुरेवच्या बायकोनं पहिला चहा चोयजिलला दिला. पुरेव ट्रकभोवती एक चक्कर मारून आला, टाकीच्या झाकणावर वाकून बघितलं, आणि चुलीशी बसला.

"वसंतात कधी येशील?" त्यानं विचारलं.

"बर्फ वितळला की."

"फार उशीर करू नकोस. गाभण जनावरं असतील." एवढंच बोलून त्यानं सेवजीदच्या वाटीत मांसाचा चांगला तुकडा टाकला. भंगारवाल्यांचा विषय कुणी काढला नाही.

मुक्काम तिथंच झाला. सकाळी परत निघायच्या आधी चोयजिलनं पुरेवच्या पिंपातून टाकी काठोकाठ भरून घेतली. मग झाकण लावून उभा राहिला, आणि बायकोकडे बघितलं.

"जरा तूप दे."

"कशाला?"

"भोकात घालायचंय."

सेवजीदनं तुपाची पिशवी छातीशी धरली. "डोकं फिरलंय तुमचं? कालच तर सुटलो."

"सुटलो. पण कशामुळं सुटलो हे मला अजून कळलेलं नाही. कळलंय असं वाटतंय. दुखणं परत आणता आलं पाहिजे. आणता आलं तर ते आपल्याला सापडलं."

"आशीर्वादाच्या तुपाच्या खोड्या काढायच्या?"

"पाठीवर घर नाहीये. रिकामा ट्रक आहे. आशीर्वाद नको, नुसतं तूप दे."

तिनं पिशवी उघडली आणि स्वतःच बोटावर तूप घेऊन झाकणाच्या मधोमध थापलं, नीट, काठ दाबून. थंडीनं ते बघता बघता घट्ट झालं. ती केबिनमधे चढून काटा मांडीवर घेऊन बसली.

खोंगोर रिकामा, हलका, खिंड चढून उतरला. खाली पिवळी सपाटी लांबवर पसरली होती. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"रेघेवर," ती म्हणाली. मग बराच वेळ गेला. मग ती पुढं झुकली. "अहो. सरकतोय."

"सावलीसारखा?"

"सावलीसारखा."

"हळू सांग. सगळं सांग."

ती सांगत राहिली, तो ऐकत राहिला, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर, इतका वाईट काटा बघून कुणाच्या येणार नाही, असं हसू होतं. इंजिन खोकलं. धडपडलं. या वेळी चोयजिलनं चावीला हात लावला नाही. त्यानं खोंगोरला आपणहून गप्प होऊ दिलं. मग दोघं दोन दारांतून उतरून टाकीपाशी आली, एकमेकांना ढकलत वाकली, कान झाकणाजवळ नेले, आणि सेवजीदनं झाकण हळूच फिरवलं. आत जाणाऱ्या हवेचा लांब सुस्कारा दोघांनी शेवटपर्यंत ऐकला.